गरम पाण्याची धार बारीक का होते?

वरोरा म्हटले की बाहेरगावच्या माणसाला मे महिन्यातील ४५-४६ अंशांचा पारा आठवतो. परंतु डिसेंबर-जानेवारीतील पहाटेचा गारठा वसतिगृहात राहिलेला माजी विद्यार्थी सहसा विसरत नाही. पूर्वी चुलीवर हंड्यांत पाणी तापत असे. आता गच्चीवर सोलर आहे. तरीही थंडी पडली की तक्रार ठरलेली : पाणी कढत आहे, पण धारच नाही. नवे घर बांधलेले पालकही आम्हांला हेच सांगतात. आमचा विषय इतिहास. तथापि वसतिगृहाची देखरेख करणाऱ्या शिक्षकाला नळाचाही अभ्यास करावा लागतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. सोलरच्या टाकीतील गरम पाणी आपल्या बळावर नळाला येत नाही. थंड पाण्याच्या टाकीतून खाली उतरणारे पाणी त्याला ढकलून बाहेर काढते. आजीच्या काळातील काही बंबांत नरसाळ्यातून तांब्याभर थंड पाणी ओतले की तोटीतून तेवढेच गरम पाणी बाहेर येई, तत्त्व तेच. १९०९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी उन्हात तापणाऱ्या नळ्या आणि ऊब धरून ठेवणारी टाकी वेगळी केली. तापलेले पाणी हलके होऊन टाकीत वर चढते, थंड पाणी खाली नळ्यांत उतरते. आपल्या गच्चीवरची रचना त्याच कुळातील आहे.

म्हणूनच गरम पाण्याचा दाब ठरतो तो थंड टाकीतील पाण्याच्या पातळीवरून. १० मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब मिळतो. वरच्या मजल्यावरील नळ त्या पातळीपासून २ मीटर खाली असेल, तर त्याच्या वाट्याला याचा पाचवा हिस्साच येतो. टाकी ५०० लिटरची असो वा ५,००० लिटरची, त्याने दाबात फरक पडत नाही. "मोठा सोलर बसवा" हा सल्ला धार बारीक असलेल्या अनेक घरांना मिळतो आणि पैसे वाया जातात. वसतिगृहात तर पहाटे एकाच वेळी सर्व तोट्या उघडल्या की खालच्या मजल्यावर बादली भराभर भरते, वरच्या टोकाच्या स्नानगृहात नुसती करंगळीएवढी धार. आणि तेथे शेवटचा क्रमांक बहुधा लहान मुलांचा असतो. त्यांना "लवकर उठा" म्हणणे हा उपाय नव्हे.

दोष शोधण्यासाठी २० लिटरची बादली आणि घड्याळ पुरते. त्याच स्नानगृहात थंड नळाखाली बादली किती वेळात भरते आणि गरम नळाखाली किती, हे पाहावे. दोन्ही धारा बारीक असतील तर सोलरला दोष देऊ नये. टाकीतील पातळी, तिचा फ्लोट आणि मुख्य कॉक तपासावा. एकाच तोटीची धार बारीक असेल तर तोंडाची जाळी काढून धुतली की बहुतेक वेळा काम भागते.

फक्त गरम पाणी सर्वत्र मंद येत असेल, तर दोष सोलरच्या वाटेवर आहे. सोलरला जाणारा थंड पाण्याचा कॉक अर्धवट बंद नाही ना, परतीचे पाणी रोखणारा व्हॉल्व्ह अडकला नाही ना, हे आधी पाहावे. त्यानंतर संशय क्षारांवर. आपल्याकडील बोअरचे पाणी बहुधा जड असते. असे पाणी तापले की त्यातील चुना सुटून नळीच्या आत थर धरतो. पाऊण इंची नळी आतून अर्ध्या इंचाची झाली की पाणी निम्मे होईल असे वाटते. प्रत्यक्षात ते साधारण एक तृतीयांशावर येते. अशी नळी ठोकून मोकळी होत नाही. जाणकाराकडून क्षार काढून घ्यावेत किंवा तेवढा तुकडा बदलावा.

धार मध्येच थांबते, गुरगुरते, पुन्हा येते, ही हवा अडकल्याची खूण. तापलेल्या पाण्यातून हवा सुटते आणि नळी जेथे कमानीसारखी वर गेली आहे तेथे साठते. ती कमान काढणे हाच कायमचा इलाज.

टाकीवर उभी असलेली हवानळी मात्र कधीही बंद करू नये. तिच्यातून पाणी सांडते म्हणून बूच ठोकणारे आम्ही पाहिले आहेत. पाणी सांडते, कारण तिचे तोंड थंड टाकीच्या पातळीपेक्षा खाली असते. नळी उंच करावी. बूच मारल्यास वाफ कोंडते, किंवा पाणी ओढले जाताना पोकळी होऊन टाकी आत चेपते. दाबाचा पंप जोडण्यापूर्वीही आपली टाकी दाब सोसणारी आहे का, हे उत्पादकाला विचारावे. थंड टाकी उंच करणे आम्हांला अधिक पसंत. पण १,००० लिटर पाणी म्हणजे १ टन वजन, तेव्हा अभियंत्याला दाखवूनच चौथरा बांधावा. सोलरची टाकी किती उंचीचा दाब सोसते तेही पाहावे आणि हवानळी त्या मानाने वाढवावी.

इंग्लंडसारख्या थंड देशांत राहणाऱ्यांच्या घरातील बॉयलरची गोष्ट निराळी. तेथे घर उबदार ठेवणारे तेच ते पाणी बंद नळ्यांत फिरते. थंड असताना काटा साधारण १ ते १.५ बारवर असावा. तो वरचेवर उतरत असेल तर गळती शोधावी. नुसते पाणी भरत राहिल्यास प्रत्येक वेळी नवा प्राणवायू आत जाऊन लोखंड गंजते.

आपल्याकडे उन्हाळी सुटीत वसतिगृह रिकामे असते आणि सोलर उकळत राहतो. काचेच्या नळ्यांवर जाड कापड किंवा ताडपत्री बांधावी. टाकी कोरडी पडली असल्यास जूनमध्ये भर दुपारी थंड पाणी सोडू नये, तापलेली काच तडकते. भरायचे ते पहाटे, ऊन येण्यापूर्वी.