वार गाईची नव्हे, वासराची

‘गीर गाईचा गर्भ डांगी गाईच्या पोटात वाढवला, तर वासरू गीर कसं होईल? रक्त तर डांगीचंच ना?’

घोटीच्या गुरांच्या बाजारात हा सवाल मी इतक्यांदा ऐकलाय, की आता हातातला चहा खाली ठेवून भांडावंसं वाटतं. विचारणारा अडाणी नसतो. इगतपुरी-अकोल्याच्या पट्ट्यातला माणूस डांगीचं तेलकट कातडं आणि काळे टणक खूर लांबून ओळखतो. भाताच्या खाचरात आणि इथल्या झडीत कोणतं जनावर टिकतं हे त्याला मी सांगायला नको. पण पोटातल्या कारभाराचं त्याच्या मनातलं चित्र असं असतं : गाय नाळेतून आपलं रक्त वासरात ओतते आणि रक्तासोबत जातही उतरते. ते चित्र खोटं ठरवणारे पुरावे त्याच्याच गोठ्यात पडलेले असतात, म्हणून चिडचिड जास्त होते.

प्रश्न जुनाच आहे. इंग्लंडमध्ये वॉल्टर हीप यांनी १८९० साली नेमका हाच तपासला. अँगोरा सशिणीचे चार-चार पेशींचे दोन गर्भ काढून त्यांनी बेल्जियन हेअर जातीच्या सशिणीत सोडले. ही सशीण तीनच तासांपूर्वी स्वतःच्या जातीच्या नराला लागलेली होती. तिला सहा पिल्लं झाली. चार तिच्यासारखी, दोन लांब रेशमी केसांची अस्सल अँगोरा. पोट एक, चारा एक, आणि तरी दोघांवर तिची छाप नाही. डॉली या क्लोन मेंढीचंही तेच. १९९६ साली ती जन्मली काळ्या तोंडाच्या मेंढीच्या पोटी, आणि निघाली पांढऱ्या तोंडाची.

असं का, ते कळायला सातव्या दिवसाचा गर्भ पाहावा लागतो. दुसऱ्या गाईत सोडण्यासाठी गर्भाशयातून गर्भ धुऊन काढतात तो साधारण याच दिवशी. मिठाच्या कणाहूनही बारीक, शंभराच्या आसपास पेशींचा गोळा. यात ना डोकं, ना शेपूट, ना काळीज. पेशींनी आतापर्यंत एकच वाटणी केलेली असते : बाहेरच्या थराने वार व्हायचं आणि आतल्या गठ्ठ्याने वासरू. म्हणजे ज्या वारेला (कुणी जार म्हणतात) आपण गाईचा अवयव समजतो, ती गर्भाच्याच पेशींची असते, वासराच्या सख्ख्या पेशींची. वारेची फुलं गर्भाशयात जिथे चिकटतात ती बटणं तेवढी गाईची.

ही वाटणी कोण करतं? मुकादम कुणी नसतो. तार्कोव्स्की आणि व्रुब्लेव्स्का या पोलिश संशोधकांनी १९६७ मध्ये उंदरांवरून मांडलं, की पेशी कुठे सापडली यावर तिचं काम ठरतं. चोहोबाजूंनी शेजारी असतील तर ती आतली. एक बाजू उघडी पडली तर बाहेरची. पुढे यातली रासायनिक कळही सापडली : उघड्या बाजूच्या पेशीत एक प्रथिन केंद्रकात शिरतं आणि वारेची जनुकं चालू करतं, दाटीतल्या पेशीत त्याला बाहेरच अडवलं जातं. जनुकं दोघींत तीच, चालू कोणती एवढाच फरक. गाय या बाबतीत उंदरापेक्षा निवांत आहे. न्यूझीलंडच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की ज्या टप्प्यावर उंदराच्या बाहेरच्या पेशी माघारी फिरत नाहीत, त्या टप्प्यावर गाईच्या पेशी आत घातल्या तर अजूनही वासरात सामील होऊ शकतात.

बाहेरच्या पेशींचं पहिलं मोठं काम तर तुम्ही दर खेपेला तपासता. भरवलेली गाय एकविसाव्या दिवशी उलटली नाही की आपण म्हणतो, ‘राहिली.’ तिला राहायला लावणारा निरोप याच पेशींचा असतो. सतरा-अठरा दिवसांत त्या वीतभर लांब दोरा होतात (वासरू त्यात अजून एक ठिपका असतं) आणि असं एक प्रथिन सोडतात, की गाईचं शरीर माजाचं चक्र थांबवतं.

आता रक्त. गाईत वार आणि गर्भाशय एकमेकांना टेकतात, पण दोन्हीकडचे थर शाबूत राहतात. अन्न आणि प्राणवायू पाझरतो, रक्त मिसळत नाही. एवढंच काय, आईची रोगप्रतिकारक प्रथिनंही पलीकडे जात नाहीत. म्हणून तर वासराला जन्मल्याबरोबर चीक पाजावा लागतो! रक्त ओतलं जात असतं तर चिकाची एवढी घाई कशाला केली असती?

रक्त मिसळतं ते भावंडांचं. जुळ्यात गोऱ्हा आणि कालवड असली, तर ती कालवड बहुधा गाभण राहत नाही, हे जुन्या माणसांना ठाऊक असतं. दोघांच्या वारेच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात, गोऱ्ह्याची संप्रेरकं कालवडीत जातात आणि अशा दहातल्या नऊहून जास्त कालवडी वांझ निघतात. रे ओवेन यांनी १९४५ मध्ये दाखवलं, की अशा जुळ्यांच्या अंगात एकमेकांच्या रक्तपेशी मोठेपणीही नांदत असतात.

बाजारातल्या सवालात तथ्य आहे ते एवढंच : पोट वजनावर परिणाम करतं. वॉल्टन आणि हॅमंड यांनी १९३८ मध्ये अवाढव्य शायर आणि ठेंगणे शेटलंड घोडे दोन्ही बाजूंनी संकरित केले. शायर घोडीची शिंगरं जन्मतः शेटलंड घोडीच्या शिंगरांच्या सुमारे तिप्पट भरली. सांभाळणाऱ्या गाईचा खुराक, तब्येत, गर्भाशय हे सगळं महत्त्वाचं. जात मात्र बीजांड देणाऱ्या गाईची आणि रेत देणाऱ्या वळूची.

बाकीचे गैरसमज झटपट. ‘गाभण गाईला अमुक पाला घातला की कालवड होते’ : नर-मादी रेताच्या पेशीनेच ठरवलेलं असतं, पाला उशिरा पोचतो. ‘एकदा भलत्या वळूला लागलेली गाय कायमची बाटते’ : युअर्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झेब्रा आणि घोड्यांवर तपासलं, बाटत नाही. ‘पहिल्या पेशीतच अवयव ठरलेले असतात’ : १९७९ मध्ये विलाडसन यांनी मेंढीच्या दोन पेशींच्या गर्भातल्या पेशी वेगळ्या केल्या, दोन अख्खी कोकरं झाली. ‘कामाला लागलेली पेशी बाकीची जनुकं टाकून देते’ : डॉली कासेच्या पेशीपासून झाली.

आणि लोंबणाऱ्या वारेला दगड किंवा जुनी चप्पल बांधणं. ओढीने वार तुटते, अर्धी आत राहते, सडते. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरला फोन करा आणि चप्पल पायातच ठेवा.