एका वाडग्यात दोन संसार

बालाघाटाच्या डोंगराने बीड जिल्ह्याची गंगथडी आणि घाटमाथा अशी जी वाटणी करून टाकली आहे, तिच्यापैकी माथ्यावरच्या आष्टी-पाटोद्याच्या मुलखात, जेथे पाऊस पडला तर ज्वारी आणि न पडला तर ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल एवढ्याच दोन आधारांवर घराचे वर्ष उभे असते, तेथे परसातली गावरान कोंबडी हे घरधनिणीचे, कोणत्याही सातबाऱ्यावर न चढलेले, पण मीठमिरचीपासून मरीआईच्या नैवेद्यापर्यंतचा खर्च निमूटपणे भागविणारे स्वतंत्र खातेच होते. या खात्याशेजारी पुढे पत्र्याची लांबट शेड उभी राहिली आणि तिच्यात पांढऱ्या मांसल पक्ष्यांचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ब्रॉयलरचा, मुक्काम पडू लागला. जागा एक, पाणी एक, राखणारी माणसेही तीच. तेव्हा दोन्ही पाखरे एकत्रच का वाढवू नयेत, असा प्रश्न शेतकऱ्याच्या मनात येणे अगदी स्वाभाविक आहे.

दोघांचाही मूळपुरुष तांबडा रानकोंबडाच. परंतु ज्या वर्षी मराठवाड्यात निजामाचा अंमल संपला, त्याच १९४८ साली अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ निवडण्याची एक राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि भरदार छातीच्या कॉर्निश नराचा व पांढऱ्या प्लायमाउथ रॉक मादीचा संकर हाच पुढे मांसल पक्ष्याचा पाया ठरला. आपल्याकडे हा धंदा रुजविण्यात डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये स्थापिलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजचा वाटा मोठा आहे. आज हा पक्षी चाळीस-पंचेचाळीस दिवसांत दोन किलोंच्या वर जातो आणि किलोभर वजनासाठी पावणेदोन किलोंच्या आतबाहेर खाद्य घेतो. गावरान कोंबडा तेवढ्या मुदतीत जेमतेम पाव-अर्धा किलोचा होतो. त्याला ताटात येण्यास पाच-सहा महिने लागतात, आणि त्याचे निम्मे पोषण तो उकिरड्यावर स्वतःच्या नखांनी मिळवितो.

पहिल्या आठवड्यात दोन्ही जातींच्या पिल्लांना ऊब सारखीच लागते. दिव्याखाली सुमारे ३५ अंश तापमान राखावे आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करीत न्यावे, हा नियम दोघांनाही लागू. म्हणून दोन-तीन आठवडे ती एकत्र नांदतात. तिसरा आठवडा सरता सरता मात्र एक आठ-नऊशे ग्रॅमचे, तर दुसरे दीडशेच्याही आतले, अशी तफावत पडते. मांसल पक्षी खाद्याच्या भांड्याला छाती टेकून तेथेच बसकण मारतो. त्याच्या छातीखालचे पीस खालच्या भुशाच्या अंथरुणाच्या ओलीने झडून तेथली लाल कातडी उघडी पडते, आणि ती दिसताच चपळ गावरान पिल्ले तीवर चोचा मारू लागतात. खाद्यही एकाला मानवते ते दुसऱ्याला नाही: मांसल पिल्लांना बावीस-तेवीस टक्के प्रथिनांचा आहार हवा, तो पुढे चालू ठेवला तर गावरान पक्षी फुकट महाग पडतो, आणि अंड्यावरच्या कोंबडीला लागणारे भरपूर चुनखडीयुक्त खाद्य कोवळ्या पिल्लांची मूत्रपिंडे बिघडविते.

खरी धास्ती रोगाची आहे. मानमोडी, म्हणजे राणीखेत, गावात शिरला की परसातले खुराडे रात्रीत रिकामे होते. वाचलेली कोंबडी वरवर धडधाकट दिसून विषाणू बाळगू शकते, आणि हजार पक्ष्यांच्या शेडीला तेवढे निमित्त पुरते. उपाय आहे आणि तो स्वस्तही आहे: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, पिल्लू तो डोळा मिटून आत घेईपर्यंत त्याला हातात धरून ठेवावयाचे, एवढेच काम. अडचण कुपीची आहे. शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची कुपी एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांची धनीण ती कशाला फोडील? माझ्या मते शेडीच्या लसीकरणाच्या दिवशीच आसपासच्या परसांतल्या कोंबड्यांसाठी एक कुपी वेगळी काढून दुसऱ्याच्या हाती देणे ही जिल्ह्यातली सर्वांत स्वस्त तजवीज ठरेल. त्यात शेडवाल्याचाच फायदा अधिक. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या, तेव्हा सरहद्द पाळणारा पक्षी नसतो, हे सगळ्यांनाच कळले.

याच भीतीपोटी कराराने मांसल पक्षी वाढवून घेणाऱ्या कंपन्या करारनाम्यात बहुधा अशी शर्त घालतात की शेडवाल्याने दुसरी कोंबडी पाळू नये. पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची, शेड, पाणी, वीज आणि कष्ट शेतकऱ्याचे, मोबदला किलोमागे. शर्त शास्त्राला धरून आहे, परंतु तिची किंमत घरधनिणीच्या खात्यातून वसूल होते, हे सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. सरकारी योजनांत मात्र दोन्ही वाटा उघड्या आहेत: एकीकडे हजार मांसल पक्ष्यांच्या शेडीला अनुदान, दुसरीकडे पंचवीस तलंगा आणि तीन नर यांचा गट. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट-संशोधन केंद्राचा वनराज या सुधारित जाती मांसल आणि गावरान या दोहोंमधल्या. वाढ गावरानाहून चांगली, अंडी वर्षाला शंभराच्या पुढे, पण रवणावर बसण्याची वृत्ती जवळजवळ गेलेली, म्हणून पिल्ले उबवायला शेवटी खुडूक गावरान कोंबडीच शोधावी लागते.

ज्याच्यावर कराराचे बंधन नाही त्याने दोन्ही जरूर पाळावीत. मात्र घरे निराळी, अंतर शक्य तितके जास्त, पायताण निराळे, आणि सकाळची फेरी आधी मांसल पिल्लांकडे, नंतर गावरानांकडे, उलट कधीही नव्हे. एक तुकडी विकल्यावर शेड धुऊन, चुना मारून दोन आठवडे मोकळी ठेवावी. वैशाखात पारा बेचाळिसावर गेला की गावरान कोंबडी बाभळीखाली माती उकरून गारव्याला पडते, मांसल पक्षी मात्र धापा टाकीत मरतो. म्हणून दुपारी त्याचे खाद्य उचलून घेतात आणि पत्र्यावर पाणी मारतात. पण पाच आठवड्यांच्या हजार पक्ष्यांना नुसते पिण्यासाठी रोजचे अडीचशे-तीनशे लिटर पाणी लागते, तेथे टँकरवर जगणाऱ्या वस्तीने उन्हाळी तुकडी न घेणेच बरे. आखाडातली मागणी धरायची तर पिल्ले ज्येष्ठाच्या तोंडाशी आणावीत, कारण श्रावण लागताच भाव कोसळतो. दिवाळीनंतर कोयता घेऊन घरातली कर्ती जोडी कारखान्याला गेली की मागे उरलेल्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात शेडीचा जागता पहारा घालू नये. पंचवीस तलंगांचे डालगे ते सहज सांभाळतात.