पिलांच्या अन्नपिशवीचे विकार व त्यांवरील उपाय

घोड आणि भीमा या नद्यांच्या कांठच्या शिरूर व दौंड तालुक्यांत शेतीच्या जोडीला कोंबड्या पाळण्याचा धंदा चांगला रुळलेला आहे. कोठें हजारों पिलांची पोल्ट्री असते, तर कोठें पडवींतील डालग्याखालीं दहा-बारा गावरान पिलें असतात. पोल्ट्रीवर देखरेखीस जाणकार मनुष्य असतो. डालग्याखालच्या पिलांची वैद्य मात्र घरची गृहिणीच होय. त्या पिलांच्या व अंड्यांच्या विक्रीवर तिचा मीठमिरचीचा आणि मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागतो. दहांतील चार पिलें दगावलीं तर तो तोटा तिच्या पदरीं येतो. म्हणून पिलाच्या गळ्याखालच्या पिशवीची ओळख प्रत्येक घरांत असणें अगत्याचें आहे. कारण पुष्कळशा बिघाडांची पहिली खूण तेथेंच बोटाला लागते.

कोंबडीला दांत नसतात. चोचीनें टिपलेला दाणा अन्ननलिकेंतून उतरून मानेच्या मुळाशीं, छातीच्या किंचित् उजव्या अंगास असलेल्या एका पातळ पिशवींत सांठतो. हीच अन्नपिशवी. येथें दाणा पाण्यानें भिजून मऊ होतो आणि थोडा थोडा पुढें जठरांत व तेथून पेषणींत जातो. पेषणी म्हणजे कोंबडीच्या पोटांतील जातेंच होय. तींत बारीक खड्यांच्या साहाय्यानें अन्न दळलें जातें. जातें अडलें म्हणजे वैरणीचा दाणा वरच तुंबून राहतो, तशीच स्थिति येथें होते. पिशवी फुगलेली दिसली तरी मूळ दोष पुष्कळदां खालीं असतो.

खाऊन तृप्त झालेल्या पिलाच्या गळ्याखालीं फुगवटा दिसणें हें स्वाभाविक आहे. नवशिके लोक ती गांठ समजून घाबरतात व नाहीं ते उपाय करूं लागतात. खरी परीक्षा सकाळीं होते. रात्रभर कोंबडीच्या पंखाखालीं अंधारांत झोपलेल्या पिलाची पिशवी पहांटे रिकामी असली पाहिजे. ज्या पिलांना दिव्याखालीं ठेवलें आहे तीं रात्रींही टिपत असतात. त्यांपैकीं संशयित पिलूं उबेंत वेगळें ठेवून तीन-चार तास केवळ पाणी द्यावें. त्यानंतरही पिशवी तशीच भरलेली राहिली तर विकार आहे असें समजावें.

उबवणी केंद्रांतून नवीं पिलें आणलीं म्हणजे पहिल्या दिवशीं निरनिराळ्या जागचीं दहा-बारा पिलें उचलून त्यांची पिशवी अलगद चांचपावी. ती भरलेली व भिजलेल्या कण्यांसारखी मऊ लागली तर सर्व ठीक आहे. कठीण लागली तर पिलांनीं खाद्य खाल्लें, पण पाणी पुरेसें घेतलें नाहीं. पाण्याच्या फुग्यासारखी डुचमळली तर पाणी झालें, पण खाद्य मिळालें नाहीं. रिकामी लागली तर पिलांना दोन्ही सांपडलेलीं नाहींत, अथवा थंडीनें तीं गारठलीं आहेत. अंड्यांतील पिवळा बलक पोटांत असल्यामुळें पिलूं दोन-तीन दिवस तग धरतें खरें. पण तेवढ्यावर विसंबून खाद्यास उशीर केला तर त्याची वाढ कायमची खुंटते.

विकार मुख्यतः दोन प्रकारचे आढळतात. पहिला तुंबण्याचा. लांब गवत, पाचटाचे तंतू, भाताचें तूस, सुतळी किंवा प्लॅस्टिकचा तुकडा पिलाच्या गिळण्यांत येतो, त्याचा गोळा बनतो आणि वाट बंद होते. पिशवी कठीण लागते. पिलूं मान ताणतें, पंख पाडून उभें राहतें व वाळत जातें. दुसरा विकार आंबण्याचा. सांठलेलें अन्न आंत आंबतें आणि कॅन्डिडा नांवाची बुरशी माजते. पिशवी लिबलिबीत होते, चोचीला आंबूस वास येतो आणि पिलूं मलूल होतें. घाणेरडें पाणी, बुरसलेलें खाद्य आणि विनाकारण फार दिवस दिलेलीं प्रतिजैविकें हीं याचीं प्रमुख कारणें होत.

या भागांत प्रवासानें थकलेल्या पिलांस गुळाचें पाणी देण्याची चाल आहे. पहिल्या कांहीं तासांपुरती ती चांगली आहे. परंतु तेंच पाणी उन्हाच्या दिवसांत दिवसभर भांड्यांत राहूं दिलें तर तें आंबूं लागतें, आणि गोडीवर बुरशी अधिकच पोसते. म्हणून दोन-तीन तासांनीं उरलेलें पाणी ओतून द्यावें, भांडें घासावें व नंतर साधें स्वच्छ पाणीच ठेवावें.

उपायांत पहिला मान उबेला आहे. गारठलेल्या पिलाचें पचन मंदावतें. अशा वेळीं कोणतेंही औषध उपयोगी पडत नाहीं. पहिल्या आठवड्यांत पिलांना सुमारें ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते; पुढें दर आठवड्यास पांच अंश कमी करावी. शिरूरकडील हिवाळ्याच्या रात्रीं याकडे विशेष लक्ष पुरवावें.

पिशवी तुंबली असल्यास खाद्य बंद करून कोमट पाणी व स्वच्छ खाद्यतेलाचा एखाद-दुसरा थेंब चोचीच्या कडेला लावावा. पिलूं तो आपणच गिळतें. नंतर पिलाचें डोकें वर ठेवून बोटाच्या अग्रानें पिशवी अगदीं हलक्या हातानें एक-दोन मिनिटें चोळावी. दिवसांतून तीन-चार वेळां असें करावें. गोळा सुटला म्हणजे भिजवलेल्या बारीक कण्या थोड्या थोड्या द्याव्यात. एका दिवसांत उतार न पडल्यास पशुवैद्याकडे जावें. पिशवी आंबली असल्यास ती चोळत बसूं नये. पिलूं वेगळें करावें, भांडीं उकळत्या पाण्यानें धुवावींत आणि लगेच वैद्यास दाखवावें. निस्टॅटिनसारखें बुरशीनाशक औषध वैद्य पिलाच्या वजनाप्रमाणें ठरवितात.

दोन गोष्टी कटाक्षानें टाळाव्यात. पिलाला उलटें धरून पिशवींतील पाणी ओतूं नये. तें श्वासनलिकेंत शिरून पिलूं जागच्या जागीं गुदमरतें. तसेंच ऐकीव माहितीवरून मोरचुदाचें पाणी पाजूं नये. प्रमाण थोडें चुकलें तरी तें विष ठरतें.

एका पिलाची पिशवी बिघडली तर दोष बहुधा त्याच्या गिळण्यांत असतो; पण एकाच वेळीं अनेक पिलें मलूल झालीं, हिरवट हगवण लागली, मान वांकडी झाली किंवा धाप लागली तर तो राणीखेतसारखा सांथीचा रोग असूं शकतो. त्या रोगांतही पिशवी पाण्यानें भरलेली आढळते. तेव्हां तेल-पाण्यांत वेळ न दवडतां तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें. मेलेलीं पिलें उघड्यावर टाकूं नयेत. दवाखान्याच्या सल्ल्यानें तीं पुण्यास औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे तपासणीस पाठवितां येतात. राणीखेतची पहिली लस पिलें पांच ते सात दिवसांचीं असतां डोळ्यांत थेंब टाकून देतात. ती चुकवूं नये.

हे विकार टाळणें मात्र कोणासही साधण्यासारखें आहे. पहिले तीन-चार दिवस तुसावर कागद अंथरावा, म्हणजे पिलें खाद्य कोणतें व तूस कोणतें हें ओळखूं लागतात. ज्वारी, बाजरी, मका भरडून द्यावी. दाणा सुरू झाल्यावर बारीक वाळूची चिमूट टाकावी. पाणी सदैव ताजें असावें. आणि रोज पहांटे डालगें उचलतांना दोन-चार पिलांच्या गळ्याखालून एक बोट फिरवावें. या कामास पैसा लागत नाहीं, वेळही घटकाभराचा लागत नाहीं. पण बिघाड पहिल्याच दिवशीं कळला तर पिलूं बहुधा हातचें जात नाहीं.