शिवसुमन एकट्या शिवनेरीचं नाही

पावसाळा सरताना शिवनेरीच्या वाटेवर कुणीतरी कड्याकडे बोट दाखवून हमखास सांगतं, "ते शिवसुमन. जगात फक्त याच गडावर!" अभिमान समजण्यासारखा आहे, पण माहिती चुकीची. हीच वनस्पती, म्हणजे शिंदळ माकुडी, पुरंदर-वज्रगडाच्या कड्यांवरही आहे. शास्त्रज्ञांच्या नजरेस ती पहिल्यांदा पडली तीही गडावर नव्हे, तर जुन्नरजवळच्या हिवऱ्याला. मुंबई इलाख्यातले वनाधिकारी डाल्झेल यांनी १८६५ च्या सुमारास तिचं वर्णन छापलं आणि गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून नाव ठेवलं, फ्रेरिया इंडिका. शिवसुमन हे नाव बरंच अलीकडचं.

दुसरा घोटाळा जमिनीचा. रानात नांगराला चुनखडीचे खडे लागतात, म्हणून जुन्नर-आंबेगावचे डोंगरही चुनखडीचे, असं कुणाला वाटू शकतं. डोंगर आहेत काळ्या बेसॉल्टचे; सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. लेण्याद्रीची लेणी खोदली ती याच खडकात. त्याच्या फटीतल्या मूठभर मातीवर माकुडी तगते.

उन्हाळ्यात पानं गळाली की लोक म्हणतात, मेलं. मेलेलं नसतं. खरी गंमत इथेच आहे. पावसाळ्यात पानं चारचौघींसारखी दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात. मांसल खोडाची रीत मात्र निवडुंगासारखी: रंध्रं रात्री उघडायची, दिवसा मिटायची, पाणी राखायचं. एकाच झाडात दोन तऱ्हा! तिच्या जवळच्या मांसल भावंडांना अशी खरीखुरी पानं नसतात. गोत्र म्हणाल तर रुईचं. बियांना तसाच रेशमी झुपका. तांबूस-जांभळ्या, पिवळ्या नक्षीच्या पाच पाकळ्यांच्या चांदणीला सुगंध असेल म्हणून नाक लावू नका. तिला फुलपाखरांपेक्षा माश्यांची गरज जास्त.

"इतकी दुर्मीळ, म्हणजे लावून येणारच नाही," हाही गैरसमजच. १९८०च्या दशकात आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने जगातल्या सर्वाधिक संकटग्रस्त १२ वनस्पतींत तिला बसवलं, हे खरं. पण खोडाचा तुकडा लावला तर ती कुंडीतही जगते. परदेशातले हौशी लोक ती वाढवतात. टंचाई आहे ती तिला सोसणाऱ्या कड्यांची. दरड कोसळते, वणवा लागतो, शेळ्या पोचतील तिथवरचं खातात. त्यात "घरी लावू" म्हणून हात घालणारे आपण. रोप हवंच असेल तर कुंडीत वाढवलेल्या झाडाची फांदी मागा. कड्यावरचं दिसलं तर फोटो काढा, पण नेमकी जागा कुणाला सांगू नका.