पंगतीनंतरचे दोन किलो

डाएट सुरू होऊन तीनेक आठवडे झालेले असतात. काटा हळूहळू उतरत असतो आणि मध्येच घरातले लग्न येते. मसालेभात, जिलबी, तळलेले पापड, मठ्ठा, वर यजमानांचा आग्रह. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन थेट दोन किलोंनी वर! सगळी कमाई एका पंगतीत गेली असे समजून कित्येक जण त्याच दिवशी डाएटला रामराम ठोकतात. मला ही घाई वाटते, कारण साधे गणितही ती मानत नाही.

शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. दोन किलो चरबी चढायची तर दिवसाच्या खर्चापेक्षा १५,४०० कॅलरी जास्त खायला हव्यात. १०० ग्रॅम तुपातून जवळपास ९०० कॅलरी मिळतात. म्हणजे नेहमीचे जेवण करून वर सुमारे १७०० ग्रॅम तूप रिचवल्याखेरीज हे जमायचे नाही. पंगतीत २,००० कॅलरी जास्तीच्या गेल्या असे अगदी सढळपणे धरले, तरी त्यांची चरबी होईल पाव किलोच्या आसपास.

मग उरलेले पावणेदोन किलो कसले? बहुतांशी पाण्याचे. भात, पुरी, जिलबी यांतून मिळणारे ग्लुकोज शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. यकृतात सुमारे १०० ग्रॅम, स्नायूंमध्ये सुमारे ४००. चरबी हे वर्षाच्या धान्याचे कोठार मानले, तर ग्लायकोजेन म्हणजे स्वयंपाकघरातला पिठाचा डबा. डाएटमध्ये हा डबा बराच रिकामा झालेला असतो आणि भरपेट जेवण झाले की आधी तोच भरतो. मात्र ग्लायकोजेन कोरडे साठत नाही. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. २५० ग्रॅम ग्लायकोजेन परत भरले, की पाण्यासकट एक किलो वाढलाच.

दुसरा वाटा मिठाचा. शरीरातल्या द्रवांचा खारटपणा ठरावीक राहावा लागतो. सलाइनच्या बाटलीत लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असते, ते याच हिशेबाने. म्हणून पापड, लोणचे, फरसाणातून जास्तीचे मीठ गेले की तहान लागते आणि मूत्रपिंडे ते मीठ बाहेर टाकेपर्यंत पाणी अंगात राहते. त्यात जेवणानंतर वाढलेले इन्शुलिनही मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावते. बोटातली अंगठी सकाळी घट्ट होते ती यामुळे. आणि रात्री अकराला जेवून सहाला काट्यावर उभे राहिलात, तर आतडी अजून जेवणाने भरलेलीच असणार. अन्नाला पूर्ण बाहेर पडायला एक ते तीन दिवस लागतात. अनेक स्त्रियांचे वजन मासिक पाळीपूर्वी पाण्यामुळे वाढते, ते आणखी वेगळे.

वजन असे चंचल असते हे चारशे वर्षांपूर्वीच मोजून झाले आहे. इटलीतील पदुआचे वैद्य सान्तोरिओ यांनी तराजूला खुर्ची टांगली आणि सुमारे तीस वर्षे स्वतःचे, खाण्यापिण्याचे आणि मलमूत्राचे वजन केले. १६१४ साली छापलेल्या पुस्तकात त्यांनी लिहिले, की दिवसाला आठ पौंड खाल्ले-प्यायले, तर त्यातले पाच पौंड नकळत त्वचेतून आणि श्वासातून निघून जातात. चिकाटी म्हणावी ती ही!

याच पाण्याची दुसरी बाजू जाहिरातवाल्यांना पक्की ठाऊक असते. ‘पहिल्याच आठवड्यात तीन किलो कमी’ यात बरेचसे ग्लायकोजेन आणि त्याचे पाणीच असते. तेव्हा आपण पेढे वाटतो. तेच पाणी परत आले की रडतो.

पण म्हणून सणासुदीचे खाणे निरुपद्रवी ठरत नाही. अमेरिकेत २००० साली १९५ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतच्या सुट्ट्यांत त्यांचे वजन सरासरी जेमतेम ०.३७ किलो वाढले होते, त्यांना स्वतःला वाटत होते त्यापेक्षा खूपच कमी. पण ही वाढ पुढे वर्षभरात फारशी उतरली नाही. पंगतीनंतरचे दोन किलो आपोआप जातात. न जाणवणारे हे तीन-चारशे ग्रॅम मात्र दरवर्षी साचत जातात. धास्ती घ्यायचीच तर ती यांची घ्यावी.

तेव्हा दुसऱ्या दिवशी लंघन करू नका आणि पाणीही तोडू नका. नेहमीच्या आहारावर परत या. तीन-चार दिवसांत पाणी बहुतेक उतरते. वजन सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी करा आणि या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहा. एकट्या दिवसाच्या आकड्याला फार अर्थ नाही. अपवाद एकच. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल आणि दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढून पायांवर सूज आली किंवा धाप लागू लागली, तर सरासरीची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.