ठेवायचा की द्यायचा?

दोरीवर नीट चालायला कसं शिकवावं, हा विषय या आठवड्यात घेऊ असं म्हटलं होतं. तो एक आठवडा पुढे ढकलतो आहे. गुरगुरण्यावरचा मागचा लेखांक वाचून बंगळुरूच्या मराठी वाचकांनी जे विचारलं आहे, ते आधी हातात घ्यायला हवं. शब्द वेगवेगळे, पण प्रश्न एकच: सगळं करून झालं, कुत्रा आवरत नाही, घरातली माणसं धास्तावून गेली आहेत, तर त्याला दुसऱ्या घरी द्यावं का? ज्याच्यावर हा विचार करायची वेळ येते त्याला उपदेश नको असतो, निर्णयाची रीत हवी असते. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. कुत्रा दुसऱ्याला देण्यात पाप नाही. कारण न शोधता देणं आणि खरं न सांगता देणं, या दोन गोष्टी मात्र कुत्र्यावरही अन्याय आहेत आणि घेणाऱ्यावरही.

कुत्रा देण्याचा विचार सुरू झाला की बहुतेक घरांत बोट पहिल्यांदा जातीकडे जातं, म्हणून आधी जातीबद्दल. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने एक परिपत्रक काढलं. त्यात पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, तोसा इनू, कॉकेशियन शेफर्ड अशा २३ जाती माणसाला धोकादायक ठरवल्या होत्या. त्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी आणि घरोघरी आधीपासून असलेल्या अशा कुत्र्यांची नसबंदी करून घ्यावी, असं राज्यांना कळवलं होतं. त्याला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, आणि १० एप्रिल २०२४ रोजी न्यायमूर्ती एम. नागप्रसन्न यांनी ते रद्द केलं. ज्यांचा याच्याशी संबंध आहे त्यांचं म्हणणं न ऐकताच ते काढलं गेलं, हा त्यातला मोठा आक्षेप होता. रीतसर सल्लामसलत करून नवा नियम आणायला सरकारला मुभा राहिली. निकाल कायद्याच्या मुद्द्यावरचा आहे, पण कुत्रा पाळणाऱ्याने त्यातून एक गोष्ट घ्यावी. यादी गेली म्हणजे जबाबदारी गेली, असं नाही. ती आता प्रत्येक घरावर आहे. ‘रॉटवायलर आहे, म्हणून देतो’ हा विचार जितका कच्चा, तितकाच ‘लॅब्रडॉर आहे, तो काय चावणार’ हाही. जातीवरून कुत्र्याच्या गरजांचा अंदाज येतो. हा एक कुत्रा या एका घरात राहू शकेल का, हे मात्र जात सांगत नाही. ते त्याच्याकडेच बघून ठरवावं लागतं.

कारणाचा शोध प्राणीवैद्याकडून सुरू करायचा, प्रशिक्षकाची पाळी नंतर. कालपर्यंत शांत असलेला कुत्रा उचलून घेताना दात दाखवतो, जिना चढायला नाखूश असतो, कानाला हात लागला की गुरगुरतो, तेव्हा पहिला संशय दुखण्याचा घ्यावा. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये वर्तनाच्या तक्रारींसाठी तज्ज्ञांकडे आलेल्या प्राण्यांचा आढावा घेतला. अगदी हात राखून अंदाज केला तरी त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश प्राण्यांना काही ना काही दुखणं होतं, आणि काही तज्ज्ञांच्या रुग्णांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास गेलं. खुब्याचा सांधा, कानातला संसर्ग, मोडलेला दात, पोटाचा जुना विकार यांतलं काहीही असू शकतं. दुसरं कारण वयाचं. न्यूकॅसल विद्यापीठाच्या लूसी ॲशर आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी अंधांचे वाटाडे म्हणून वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाचव्या महिन्यात सांभाळणाऱ्याचं ऐकणारी पिल्लं आठव्या महिन्यात त्याच माणसाच्या आज्ञेकडे दुर्लक्ष करत होती, अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होती. वर्षाची झाल्यावर ती पुन्हा वळणावर आली. म्हणजे ‘हा मुद्दाम मलाच जुमानत नाही’ ही तक्रार खरी असते, पण ती वयाची असते आणि ते वय सरतं. सात ते बारा महिन्यांच्या कुत्र्याला केवळ हूडपणासाठी द्यायला निघालेल्यांना माझं सांगणं आहे: हा निर्णय सहा महिने थांबवा.

तिसरं कारण कुत्र्यात नसतं आणि माणसातही नसतं. ते दोघांची मोट कशी बांधली गेली, यात असतं. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, हवा सौम्य आहे, म्हणून इथे हस्की चालतो असं पिल्लू विकणारा सांगतो. हवेचा प्रश्न काही अंशी सुटेलही, पण हस्कीची पैदास बर्फावरून घसरगाडी ओढत मैलोन्‌मैल धावण्यासाठी झाली आहे, आणि व्हाइटफील्डच्या बाराव्या मजल्यावर त्याला ओढायला सोफाच सापडतो. हीच गोष्ट आपल्या मातीतल्या कुत्र्याची. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला मुधोळ हाउंड नजरेने सावज हेरून त्याच्यामागे सुसाट सुटण्यासाठीच घडलेला आहे. लिफ्टच्या दारातून मांजर दिसल्यावर तो दोरी हिसकतो, यात त्याचा काही दोष नाही. त्यात भर लवकर तोडलेल्या पिल्लांची. माणसं, आवाज, इतर कुत्री यांची सवय लागण्याचं मुख्य वय तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचं असतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांनी मनाई केली, तरी खोक्यातून पाच-सहा आठवड्यांची पिल्लं विकली जातातच. आणखी एक गट टाळेबंदीच्या काळात आणलेल्या कुत्र्यांचा. घरून काम चालू होतं तोवर माणूस चोवीस तास समोर होता. कार्यालयं उघडल्यावर एकदम दहा तास एकटेपणा वाट्याला आला. दार कुरतडणं, अखंड भुंकणं, घरात घाण करणं यामागे बहुतेकदा खोडी नसते, एकटं पडण्याची धास्ती असते. तिच्यावर औषधं आहेत. क्लोमिप्रामाइन आणि फ्लुओक्सेटिन यांना अमेरिकेत कुत्र्यांच्या याच विकारासाठी मान्यता मिळून पुष्कळ वर्षं झाली. वैद्याच्या देखरेखीखाली औषध आणि सोबत हळूहळू एकटं राहण्याचा सराव, या जोडीने असंख्य कुत्री आपल्या घरीच राहिली आहेत.

आता ‘सगळं करून झालं’ या वाक्याकडे येऊ. या ‘सगळ्या’त काय काय येतं हे विचारलं, की बऱ्याचदा ओरडणं, वर्तमानपत्राची गुंडाळी, बाल्कनीत बांधून ठेवणं आणि दोन आठवड्यांसाठी प्रशिक्षकाकडे पाठवणं, एवढंच निघतं. कुत्र्याला ‘मालक कोण ते दाखवा’ हा सल्ला बंद आवारात कोंडलेल्या लांडग्यांच्या जुन्या निरीक्षणांवरून आला. ज्या डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे कळपाच्या म्होरक्याची कल्पना घराघरांत पोहोचली, त्यांनीच १९९९ मध्ये मोकळ्या रानातल्या लांडग्यांवर लिहिताना ती मागे घेतली: रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, सत्तेची लढाई नव्हे. मार खाल्लेला कुत्रा गुरगुरायचं सोडतो, भीती सोडत नाही. पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो. म्हणून माझ्या हिशेबात ‘सगळं’ म्हणजे चार गोष्टी. प्राणीवैद्याची कसून तपासणी. भडका उडण्याचे प्रसंग टाळणारी घरातली व्यवस्था, म्हणजे लहान मुलांसाठी फाटक, जेवताना कुत्र्याला स्वतंत्र जागा, बाहेर नेताना मुसकं. बक्षीस देऊन शिकवणाऱ्या, वर्तन जाणणाऱ्या माणसाच्या मार्गदर्शनाखाली निदान तीन-चार महिन्यांचं काम. आणि तेवढा काळ रोज लिहिलेली नोंद: काय घडलं, कुठे, कुणासमोर, किती वेळ. नोंद नसेल तर सुधारणा होते आहे की नाही हे कळत नाही. शेवटच्या वाईट दिवसावरूनच सगळं ठरतं.

हे चारही केल्यानंतर काही घरांत उत्तर ‘द्यावा’ असंच येतं, आणि ते स्पष्टपणे म्हणायला हवं. रांगतं मूल आणि मुलांच्या हालचालींनी बिथरणारा कुत्रा एका छोट्या फ्लॅटमध्ये असतील, तर त्यांना वर्षानुवर्षं दाराआड वेगळं ठेवणं माणसांच्या आवाक्याबाहेरचं आहे. एकच चूक पुरते. आजी-आजोबा आपल्याच घरात खोली बदलताना घाबरत असतील, एकत्र राहणारी दोन कुत्री एकमेकांना रक्तबंबाळ करत असतील, किंवा कुत्र्याचे चोवीसपैकी अठरा तास साखळीला जात असतील, तर ते घर त्याचं उरलेलं नाही. यावर आक्षेप येतो: घरातलं माणूस असं वागलं तर त्याला कुणी देऊन टाकतं का? भावना खरी आहे, पण तुलना टिकत नाही. माणसाला परिस्थिती समजावता येते, तो स्वतः वेगळा राहू शकतो; कुत्र्याला त्याचं घर आपण निवडून दिलेलं असतं, आणि निवड चुकली तर ती दुरुस्त करण्याची ताकदही आपल्याकडेच असते. मुलांना घाबरणारा कुत्रा मुलं नसलेल्या, अंगण असलेल्या, शांत जोडप्याच्या घरी पुष्कळदा निवांत होतो. त्याला तिथे जाऊ न देणं हा आपला अपराधीपणा त्याच्या गळ्यात बांधणं आहे. एक कारण मात्र यादीतून वगळा: ‘सोसायटी परवानगी देत नाही’. बहुमताने ठराव केला तरी गृहसंस्थेला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे.

देणं आणि सोडणं यांत फरक आहे. महामार्गालगत, एखाद्या तळ्याकाठी किंवा ‘शेतावर मोकळा राहील’ म्हणून कुणाच्याही बांधावर सोडलेला घरचा कुत्रा तिथल्या कुत्र्यांच्या हद्दीत घुसलेला परका असतो. अन्न शोधणं, वाहन चुकवणं त्याला ठाऊक नसतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार कुत्र्याला असं सोडणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. कित्येक दशकांपूर्वीचा हा आकडा आजही तसाच आहे आणि तो बदललाच पाहिजे. बंगळुरूत या सोडलेल्यांचा भार वाहणाऱ्या संस्था आहेत. क्रिस्टल रॉजर्स यांनी आधी दिल्लीत आणि जयपूरला प्राण्यांसाठी संस्था उभ्या केल्या आणि ऐंशी ओलांडल्यावर, १९९१ मध्ये, बंगळुरूत ‘कूपा’ सुरू केली. टाकून दिलेल्या जातिवंत कुत्र्यांना नवं घर मिळवून देण्यासाठी या संस्थेला ‘सेकंड चान्स’ नावाचं वेगळं केंद्रच चालवावं लागतं. अशा ठिकाणी जागा नेहमी अपुरी असते, म्हणून संस्थेच्या दारात कुत्रा नेऊन बांधणं हाही उपाय नव्हे. घर शोधण्याचं काम मालकाचं. संस्थेकडून सल्ला आणि ओळखी मागाव्यात. देण्याआधी नसबंदी आणि लसीकरण पूर्ण करावं, पैदास करणाऱ्याला कुत्रा देऊ नये, नव्या माणसांशी तीन-चार भेटी घडवाव्यात, आणि ‘नाही जमलं तर परत आणा’ हे शब्द मनापासून द्यावेत.

सगळ्यात अवघड भाग खरं सांगण्याचा आहे. चावला असेल तर कितीदा, कुणाला, कुठल्या प्रसंगी आणि किती खोल, हे सांगायचं. श्वानवर्तनाचे अभ्यासक इयन डनबार यांनी चाव्यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी केली आहे: दात न लावता केलेली झडप पहिली, कातडीला दात लागले पण जखम नाही ही दुसरी, एका चाव्यात सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा उथळ भोकं ही तिसरी, त्याहून खोल ही चौथी, अनेक खोल चावे ही पाचवी आणि मृत्यू ही सहावी. बहुतेक घटना पहिल्या दोन पायऱ्यांतल्या असतात आणि त्यांवर काम होऊ शकतं. ‘चावरा आहे’ असं मोघम सांगण्यापेक्षा हे वर्णन कितीतरी उपयोगी पडतं. आक्षेप असा की इतकं सांगितलं तर कोण घेणार? ऐकूनही जो पुढे येतो, तोच टिकतो. न सांगता दिलेला कुत्रा दुसऱ्या घरी पुन्हा चावतो, मग तिसऱ्या घरी जातो, आणि प्रत्येक बदलीत त्याची धास्ती वाढते. शिवाय प्राण्याबाबत निष्काळजीपणाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. काही थोडे कुत्रे असे असतात की खरं सांगितल्यावर त्यांना देताच येत नाही. चौथ्या-पाचव्या पायरीचे चावे, तेही सूचनेशिवाय, तपासणी आणि औषधांनंतरही चालू असतील, तर तो धोका दुसऱ्याच्या दारी पोहोचवायचा आपल्याला अधिकार नाही. तिथे दोनच वाटा उरतात: मुसकं, कुंपण आणि आयुष्यभराची कडक व्यवस्था, किंवा निदान दोन प्राणीवैद्यांच्या मताने वेदनारहित मरण. दुसरी वाट निवडणाऱ्यांना निर्दय म्हणू नये. स्वतःवरचं ओझं त्यांनी दुसऱ्याच्या माथी मारलेलं नसतं.

म्हणून ज्यांनी विचारलं त्यांना माझी विनंती: आज रात्री निर्णय घेऊ नका. एका कागदावर कुत्र्याची तपासणी, केलेले प्रयत्न, चाव्यांचा इतिहास, त्याला काय आवडतं आणि कशाची भीती वाटते, हे सगळं लिहून काढा. लिहिताना रकाने रिकामे राहिले तर काम अजून बाकी आहे, ते करा. कागद पूर्ण भरला आणि नव्या मालकाच्या हाती तो सहीनिशी देण्याची तुमची तयारी असेल, तर कुत्रा जरूर द्या, आणि मान खाली न घालता द्या. सही करवत नसेल, तर कुत्राही देऊ नका. दोरीचा लेखांक पुढच्या आठवड्यात.