नाकातली माती, दातावरचं कीटण

१९३३ साल. ईशान्य चीन जपानच्या ताब्यात होता आणि हार्बिन शहरात सोंगहुआ नदीवर पुलाचं काम सुरू होतं. तिथल्या एका मजुराला भलीमोठी कवटी सापडली. जपान्यांच्या हाती ती लागू नये म्हणून त्यानं ती एका पडक्या विहिरीत दडवली आणि त्याविषयी अवाक्षर काढलं नाही. २०१८ मध्ये, मृत्यूपूर्वी, त्यानं घरच्यांना गुपित सांगितलं. जीवाश्मतज्ज्ञ जी चियांग यांनी मन वळवल्यावर कुटुंबानं कवटी हेबेई जीईओ विद्यापीठाच्या संग्रहालयाला दिली.

कहाणी रंगतदार, पण सगळी सांगोवांगी. जीवाश्म कोणत्या थरातून निघाला हे ठाऊक नसेल, तर त्याचं मोल निम्म्यानं घटतं. इथे थर माहीत नाही आणि शोधणाराही हयात नाही. शिवाय या क्षेत्रानं एकदा हात पोळून घेतले आहेत: १९१२ मध्ये जगापुढे आलेला इंग्लंडचा ‘पिल्टडाउन मानव’ म्हणजे माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा यांची बनावट जोडणी होती. ते उघड व्हायला १९५३ साल उजाडलं.

हार्बिनची कवटी अस्सल होती, फक्त कुठल्याच चौकटीत बसत नव्हती. मेंदूची पोकळी सुमारे १,४२० घनसेंटिमीटर, म्हणजे आपल्याइतकी. पण माथा बसका, भुवयांवर हाडाचे जाडजूड कंगोरे, डोळ्यांच्या खोबणी जवळजवळ चौकोनी. दात एकच उरलेला, वरची एक दाढ.

मग ठावठिकाणा कुणाला विचारायचा? संशोधकांनी तो कवटीच्या नाकात अडकलेल्या मातीला विचारला. पुलाजवळ जमिनीत खोल छिद्र पाडून थरांचे नमुने काढले आणि त्यांतल्या स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं प्रमाण या मातीशी ताडून पाहिलं. हाडातल्या दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांची तुलना हार्बिन परिसरातल्या इतर जीवाश्मांशी केली. जुळणारा थर १ लाख ३८ हजार ते ३ लाख ९ हजार वर्षांपूर्वीचा निघाला. युरेनियम पद्धतीनं हाडाचं वय किमान १ लाख ४६ हजार वर्षं आलं. ‘किमान’ अशासाठी, की युरेनियम हाडात मुरतं ते मृत्यूनंतर, भूजलातून. यामुळे विहिरीची गोष्ट सिद्ध होत नाही, पण कवटी त्याच परिसरातली आहे याला चांगलाच आधार मिळतो.

२०२१ मध्ये तिला ‘होमो लोंगी’ हे नवं नाव मिळालं आणि वृत्तपत्रांत ‘ड्रॅगन मॅन’ गाजला. नामकरणाची घाईच झाली म्हणायची. त्याच चमूतले लंडनचे ख्रिस स्ट्रिंगर हिला चीनच्याच दाली इथल्या कवटीसोबत ‘होमो डालिएन्सिस’ म्हणावं या मताचे होते. आणखी काहींना संशय होता डेनिसोव्हन मानवाचा. सायबेरियाच्या डेनिसोव्हा गुहेतल्या बोटाच्या इवल्याशा हाडातून २०१० मध्ये उलगडलेल्या या मानवाची जनुकं माहीत होती, चेहरा कुणी पाहिला नव्हता.

निकाल लावायला डीएनए हवा होता. बीजिंगच्या फू चियाओमेई यांनी दाढ आणि कानाजवळचं टणक हाड तपासलं; हाती काहीच आलं नाही. तेव्हा त्या दाढेवरच्या कीटणाकडे वळल्या. कीटणात सापडतो तो मुख्यतः जंतूंचा डीएनए. तिथे माणसाचा मिळेल अशी आशा फारशी कुणी धरत नाही. पण मिळाला! आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए होता आणि तो डेनिसोव्हन वंशाशी जुळला. हाडातून ९५ प्रथिनं ओळखता आली. त्यांतले तीन बदल खास डेनिसोव्हनांचे होते. २०२५ च्या जूनमध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि डेनिसोव्हनांना पहिल्यांदा चेहरा मिळाला. मायटोकाँड्रियल डीएनए म्हणजे पूर्ण जनुकसंच नव्हे, ही मर्यादा आहेच. पण प्रथिनांची स्वतंत्र साक्ष त्याच दिशेनं जाते, हे महत्त्वाचं.

आपल्याकडेही असंच एक कोडं पडून आहे. मध्य प्रदेशात नर्मदाकाठच्या हथनोरा गावाजवळ १९८२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना कवटीचा तुकडा सापडला. त्यांनी त्याला ‘होमो इरेक्टस’मध्ये घातलं; इतरांनी तो प्राचीन ‘होमो सेपियन्स’च्या जवळचा मानला. वाद अजून मिटलेला नाही. तिथल्या उष्ण हवेत डीएनए टिकणं अवघड, आणि या कवटीला एकही दात नाही.